पाण्यावरच्या थरात कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड: ट्रफवर पहिल्यांदाच काम करणाऱ्यांसाठी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत एमएस्सीच्या प्रकल्पांचे विषय वाटले गेले की एक-दोन विद्यार्थी पेशीपटलाचा विषय घेऊन आमच्या ट्रफपाशी, म्हणजे पाण्यावर लिपिडचा पातळ थर पसरून मोजायच्या उथळ भांड्यापाशी, येतात. त्यांना एका आलेखात बसणारे उत्तर हवे असते: कोलेस्टेरॉल मिसळले की फॉस्फोलिपिडचा थर किती आक्रसतो? हे उत्तर मिळते, आणि ते स्वतःच्या हाताने काढून पाहण्यात मोठा आनंदही आहे. मात्र या प्रयोगात आपण मोजतो ती ‘अपेक्षेपेक्षा कमी भरलेली जागा’ असते, आणि नवख्याच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुकाही जागा कमीच दाखवतात. सुईच्या टोकाला चिकटून राहिलेला थेंब, बॅरिअरखालून (थर आवळणाऱ्या सरकत्या दांडीखालून) निसटलेला थर, पावसाळ्यात ओलावा शोषलेली लिपिडची भुकटी यांपैकी काहीही घडले तरी पाण्यावरचे रेणू मोजलेल्यापेक्षा कमी असतात आणि आलेखावर कोलेस्टेरॉलचा प्रभाव असल्यासारखे दिसते. म्हणून पुढच्या पायऱ्यांपैकी अर्ध्याहून अधिक पायऱ्या रेणूंची मोजदाद सांभाळण्याच्या आहेत.

आधी घडते काय

फॉस्फोलिपिडच्या रेणूला पाण्याची ओढ असलेले एक डोके आणि पाण्यापासून दूर राहणाऱ्या दोन लांब शेपट्या असतात. असे रेणू स्वच्छ पाण्याच्या पृष्ठभागावर सोडले की डोकी पाण्यात आणि शेपट्या हवेत राहतात आणि एकाच रेणूइतक्या जाडीचा थर तयार होतो. यालाच मोनोलेअर म्हणतात. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. दोन्ही बाजूंच्या बॅरिअरनी थर आवळत नेला की हा ताण उतरतो, आणि जितका उतरतो तितका थराचा पृष्ठदाब मानतात. प्रत्येक रेणूच्या वाट्याला आलेली जागा आडव्या अक्षावर आणि पृष्ठदाब उभ्या अक्षावर घेऊन जी रेषा मिळते, तिच्यावरच या विषयाची सारी चर्चा चालते.

या मोजणीची सुरुवात जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये घरच्या घरी, पत्र्याच्या एका लांबट भांड्यात अ‍ॅग्नेस पॉकल्स यांनी केली. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना त्यांनी लिहिलेले पत्र १८९१ साली ‘नेचर’मध्ये छापले गेले. पुढे आयर्व्हिंग लँगम्युर यांनी ही पद्धत पक्क्या पायावर उभी केली आणि त्यांना १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या विषयासाठी १९२५ हे वर्ष दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींमधले लिपिड पाण्यावर पसरून पेशीपटल दुपदरी असल्याचा अंदाज मांडला, आणि त्याच वर्षी जॉन बेरेसफोर्ड लेथिस यांनी लेसिथिन (एक फॉस्फोलिपिड) आणि कोलेस्टेरॉल यांच्या मिश्र थराची जागा दोघांच्या बेरजेपेक्षा कमी भरते हे दाखवून दिले. या घटनेला संघनन परिणाम म्हणतात.

जागा कमी का भरते? याचे उत्तर कोलेस्टेरॉलच्या बांधणीत आहे. एकमेकांना जोडलेली चार वलये असल्यामुळे रेणूचा मधला भाग ताठ आणि बराचसा सपाट असतो. एका टोकाला एकच हायड्रॉक्सिल गट, तेवढाच काय तो पाण्याशी संबंध ठेवणारा, आणि दुसऱ्या टोकाला एक छोटी लवचीक शेपटी असते. वलयांची एक बाजू गुळगुळीत आहे, तर दुसऱ्या बाजूवर दोन मिथिल गट वर आलेले असल्याने ती खडबडीत आहे. फॉस्फोलिपिडच्या शेपट्या मोकळ्या असताना जागोजागी मुरडतात आणि प्रत्येक मुरड आजूबाजूची जागा अडवते. शेजारी ताठ वलये येऊन उभी राहिली की शेपटीच्या वरच्या आठ-दहा कार्बनना मुरडायला वाव उरत नाही, त्या सरळ होतात, आणि रेणूची जागा घटते.

इथे एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करावा. वाटीभर चुरमुऱ्यांत वाटीभर बारीक शेव मिसळली तर दोन वाट्या भरत नाहीत, कारण शेव चुरमुऱ्यांमधल्या फटींत जाऊन बसते. कोलेस्टेरॉलही असेच फटी भरते, असे स्पष्टीकरण बरीच वर्षे दिले जात होते. त्यात थोडे तथ्य आहे, पण चुरमुरा शेवेमुळे आपला आकार बदलत नाही आणि फॉस्फोलिपिड मात्र कोलेस्टेरॉलमुळे बदलते. हा फरक लक्षात ठेवलात तर पुढे तापमानाचा मुद्दा सोपा जाईल. दुसरे असे की कोलेस्टेरॉलचा एकुलता एक हायड्रॉक्सिल गट एवढ्या मोठ्या तेलकट अंगाला पाण्यापासून झाकू शकत नाही. ते आच्छादन शेजारच्या फॉस्फोलिपिडच्या मोठ्या डोक्याकडून मिळते, म्हणून या कल्पनेला छत्रीचे प्रतिमान म्हणतात. एका छत्रीखाली किती जण उभे राहू शकतील याला मर्यादा असतेच. दुपदरी पटलात कोलीनचे मोठे डोके असलेल्या फॉस्फोलिपिडबरोबर कोलेस्टेरॉल मोलच्या हिशेबाने सुमारे ६६ टक्क्यांपर्यंत सामावते, तर इथॅनोलअमाइनचे लहान डोके असलेल्याबरोबर सुमारे ५१ टक्क्यांपर्यंतच. त्यापुढचे कोलेस्टेरॉल स्फटिक होऊन वेगळे पडते.

पहिला नमुना कोणता घ्यावा

बहुतेक जण डीपीपीसी नावाचे फॉस्फोलिपिड मागतात, कारण पुस्तकात तेच असते. माझा सल्ला डीएमपीसी या दुसऱ्या फॉस्फोलिपिडपासून सुरुवात करण्याचा आहे. डीपीपीसीच्या शेपट्या सोळा कार्बनच्या असून त्याचे संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्याखाली दुपदरी पटलातल्या शेपट्या सरळ, घट्ट बसतात ते तापमान, ४१ अंश आहे. त्यामुळे २५ अंशांच्या पाण्यावर ते कमी दाबाला सैल, द्रवासारखे असते आणि दाब वाढला की मध्येच घट्ट अवस्थेत जाते, आलेखावर तेवढा पट्टा जवळजवळ आडवा दिसतो. घट्ट अवस्थेत शेपट्या मुळातच सरळ झालेल्या असतात. तिथे कोलेस्टेरॉलला आवळण्यासारखे फारसे उरत नाही, उलट ते त्या शिस्तबद्ध रचनेत मोडता घालते आणि थर मऊ करते. म्हणजे एकाच आलेखात एका दाबाला मोठा परिणाम आणि दुसऱ्या दाबाला नगण्य परिणाम दिसतो, आणि नवखा विद्यार्थी आपलेच काहीतरी चुकले असे समजून आठवडाभर तेच तेच मोजत बसतो. कोलेस्टेरॉल सैल थराला आवळते आणि घट्ट थराला सैल करते, ही दुहेरी भूमिका डीपीपीसीवर नीट दिसते, पण ती दुसऱ्या महिन्यात पाहावी.

डीएमपीसीच्या शेपट्या चौदा कार्बनच्या असतात, संक्रमण तापमान साधारण २४ अंश आहे, आणि २५ ते ३० अंशांच्या पाण्यावर आपल्याला हव्या असलेल्या दाबांपर्यंत त्याचा थर सैलच राहतो. शेपट्यांत दुहेरी बंध नसल्याने हवेतल्या ऑक्सिजनचीही धास्ती नाही. पीओपीसी हे आणखी एक फॉस्फोलिपिड खऱ्या पेशीपटलाच्या अधिक जवळचे, पण त्यात एक दुहेरी बंध असल्यामुळे त्याची बडदास्त अधिक ठेवावी लागते.

द्रावणे: इथे घाई करू नये

लिपिडची बाटली शीतकपाटातून उणे २० अंशांवरून बाहेर काढली की ती लगेच उघडायची नाही. ठाण्याच्या जुलै महिन्यात अशा बाटलीवर दोन मिनिटांत पाण्याचे थेंब धरतात, आणि झाकण उघडले तर तेच पाणी आत भुकटीवर बसते. फॉस्फोलिपिड ओलावा ओढून घेते, आणि मग आपण वजन करतो त्यातला काही भाग पाणी असतो. बाटली डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून तासाभराने, ती हाताला खोलीइतकीच लागू लागल्यावर उघडावी.

दोन्ही द्रावणे क्लोरोफॉर्ममध्ये, एक मिलिमोलर तीव्रतेची करावीत. डीएमपीसीचे रेणुवस्तुमान ६७७.९ आहे, म्हणजे १० मिलिलिटरला ६.७८ मिलिग्रॅम लागते. कोलेस्टेरॉलचे ३८६.७ आहे, म्हणजे तितक्याच द्रावणाला ३.८७ मिलिग्रॅम पुरते. नेमके ६.७८ मिळवण्यासाठी चमच्याच्या टोकाने कण काढत-घालत बसू नये. जे वजन आले ते लिहावे आणि त्यावरून क्लोरोफॉर्म किती घालायचा ते काढावे. जिथे सोय असेल तिथे फॉस्फोलिपिडच्या द्रावणाची तीव्रता फॉस्फरसच्या मापनाने पडताळून घ्यावी, कारण प्रत्येक रेणूत फॉस्फरसचा एकच अणू असतो आणि ही मोजणी ओलाव्याने फसत नाही.

मिश्रणे नेहमी मोलच्या प्रमाणात करावीत. वजनाने ३० टक्के कोलेस्टेरॉल घेतले तर डीएमपीसीबरोबर ते मोलच्या हिशेबाने ४३ टक्के होते, कारण कोलेस्टेरॉलचा रेणू वजनाने जवळपास निम्मा आहे. एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पात सगळे आलेख सुरेख असूनही प्रकाशित आकड्यांशी एकही जुळत नव्हता. दोन दिवस यंत्र तपासल्यावर वहीतल्या एका ओळीत हे कारण सापडले. दोन्ही द्रावणे समान मोलर असतील तर हा गोंधळ होतच नाही: ७०० मायक्रोलिटर डीएमपीसी आणि ३०० मायक्रोलिटर कोलेस्टेरॉल म्हणजे बरोबर ७०:३०.

काचेच्या बाटल्या आणि टेफ्लॉनचे अस्तर असलेली झाकणे एवढेच वापरावे. प्लॅस्टिकच्या टिप, साधी रबरी बुचे आणि पॅराफिल्म यांमधले काही ना काही क्लोरोफॉर्ममध्ये उतरते आणि थेट पृष्ठभागावर येऊन बसते. क्लोरोफॉर्मचे काम धुराड्याखाली आणि हातमोजे घालूनच करावे. कोलेस्टेरॉल हवेत हळूहळू ऑक्सिडाइज होते, म्हणून त्याचे द्रावण महिनोन्‌महिने जपून न ठेवता थोडे थोडे ताजे करावे.

जागा आणि पाणी

ट्रफ टेफ्लॉनचा असतो, पण तो कशावर ठेवला आहे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आमची प्रयोगशाळा रेल्वेमार्गापासून फार लांब नाही, आणि जलद गाडी गेली की दाबाच्या रेषेवर बारीक दातरे उमटायचे. जाड कडप्प्याची लादी आणि तिच्याखाली चार रबरी गाद्या एवढ्यावर ते बरेचसे थांबले. गणपतीत रस्त्यावरून ढोल-ताशा जात असेल तर मात्र मोजणी थांबवणेच शहाणपणाचे. ट्रफवर अ‍ॅक्रिलिकची पेटी असावी, कारण एसीचा झोत थेट पाण्यावर आला तर पाणी उडते, पातळी उतरते आणि दाब मोजणाऱ्या पट्टीवरचे वाचन सरकत राहते. शहरात सतत चालू असलेल्या बांधकामांची धूळही या पेटीमुळे अडते.

तापमानाबद्दल आपल्या भागासाठी एक खास सूचना आहे. परदेशी शोधनिबंधांत २० अंशांवर केलेली मोजणी पुष्कळदा दिसते. आपल्याकडे पावसाळ्यात, एसी नसलेल्या खोलीत, ट्रफ २० अंशांवर थंड केला तर हवेतली वाफ त्याच्या काठांवर आणि बॅरिअरवर पाणी होऊन बसते आणि बॅरिअरची कडा ओली होऊन थर निसटायला वाट मिळते. खोली एसीने कोरडी ठेवून २५ अंश, नाहीतर सरळ ३० अंश ठरवावे, आणि एकदा ठरवलेले तापमान प्रकल्प संपेपर्यंत बदलू नये.

पाणी अतिशुद्ध, १८.२ मेगाओम सेंटिमीटर रोधकतेचे लागते. पण हा आकडा फक्त क्षार गेल्याची ग्वाही देतो, तेलकट अशुद्धीबद्दल तो काहीच सांगत नाही. पालिकेचा पाणीपुरवठा एक दिवस बंद राहून दुसऱ्या दिवशी सुरू झाला की नळाला गढूळ पाणी येते. त्या दिवशी शुद्धीकरण यंत्राचा आकडा बरोबर असूनही पृष्ठभाग मळलेला असल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. खरी परीक्षा एकच: काहीही न पसरता बॅरिअर पूर्ण मिटवावेत. दाब ०.२ मिलिन्यूटन प्रति मीटरहून अधिक चढला तर पृष्ठभागावर काहीतरी आहे. बॅरिअर मिटलेले असतानाच बारीक काचनळीने, पंपाच्या ओढीवर, मधला पृष्ठभाग शोषून घ्यावा, बॅरिअर उघडावेत, पुन्हा मिटवावेत. रेषा सपाट येईपर्यंत हे करत राहावे. कधी दोनदा पुरते, कधी सकाळ जाते. केसांना लावलेले तेल, हाताचे क्रीम, डब्यातल्या चटणीचा हात, यांतले कणभरही पाण्यावर पसरायला पुरेसे असते.

दाब मोजण्यासाठी विल्हेल्मी पट्टी, म्हणजे पाण्यात अर्धवट बुडवून तिच्यावरची ओढ मोजायची पातळ पट्टी, लागते. प्लॅटिनमची असेल तर ज्योतीत लाल होईपर्यंत तापवून घ्यावी. नवख्यांनी गाळणकागदाची, १० मिलिमीटर रुंदीची पट्टी वापरावी. ती पाण्याने पूर्ण भिजू द्यावी आणि प्रत्येक थरासाठी नवी घ्यावी.

थर पसरवणे

प्रथम हिशेब करावा. आमच्या ट्रफची मापे ३० सेंटिमीटर गुणिले ७.५ सेंटिमीटर आहेत, म्हणजे क्षेत्रफळ २२५ चौरस सेंटिमीटर. रेणूंच्या मापात ते २२५ च्या पुढे सोळा शून्ये इतके चौरस अँगस्ट्रॉम होते (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). डीएमपीसीच्या प्रत्येक रेणूला सुरुवातीला १२० चौरस अँगस्ट्रॉम द्यायचे ठरवले, तर ३१ नॅनोमोल लागतात, आणि एक मिलिमोलर द्रावणाचे ते बरोबर ३१ मायक्रोलिटर होतात. शुद्ध कोलेस्टेरॉलचा दाब रेणूमागची जागा ४० चौरस अँगस्ट्रॉमच्या आसपास आली की एकदम चढू लागतो, म्हणून त्याला ६० पासून सुरुवात केली तरी चालते, आणि मग द्रावण दुप्पट, ६२ मायक्रोलिटर लागते.

सूक्ष्म सिरिंज आधी त्याच द्रावणाने तीन-चार वेळा धुवावी, बुडबुडा न ठेवता भरावी आणि सुई कागदाने बाहेरून पुसावी. सुईचे टोक पाण्यापासून दोन-तीन मिलिमीटरवर धरावे आणि एवढासा थेंब तयार करावा की तो पडू नये, टोकाला लोंबत राहावा. मग हात खाली आणून फक्त थेंब पाण्याला टेकवावा, सुई नव्हे. थेंब टेकताक्षणी पृष्ठभागावर एक चकती झपकन उमटून विरते. ती विरली की पुढचा थेंब थोड्या अंतरावर टेकवावा. चकती न उमटता थेंब तळाकडे गेलेला दिसला, तर क्लोरोफॉर्म पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तो बुडाला, त्यातले लिपिड मोजणीतून गेले आणि तो थर तिथेच रद्द करावा. ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. पण तीस मायक्रोलिटरमधले दीड मायक्रोलिटर म्हणजे पाच टक्के, आणि पाच टक्क्यांचा अर्थ काय होतो ते पुढच्या हिशेबात येईलच.

सगळे पसरून झाल्यावर दाब जवळपास शून्य असावा. क्लोरोफॉर्म उडून जायला पंधरा मिनिटे द्यावीत.

आवळणे आणि थांबून पाहणे

बॅरिअर सावकाश, मिनिटाला दहा मिलिमीटरहून अधिक वेग न देता मिटवावेत. डीएमपीसीची रेषा हळूहळू, वळत वर चढेल. शुद्ध कोलेस्टेरॉलची रेषा मात्र बराच वेळ शून्यावर राहून ४० च्या खाली आली की भिंतीसारखी उभी चढते आणि ३७-३८ च्या आसपास राहते. ही कोलेस्टेरॉलची रेषा म्हणजे तुमच्या हाताची कसोटी आहे. ती ३४ वर आली तर कोलेस्टेरॉलमध्ये काही चमत्कार झालेला नसतो, सुमारे दहा टक्के रेणू पाण्यावर पोचलेलेच नसतात. ही रेषा जागेवर येईपर्यंत मिश्रणाला हात लावू नये.

त्यानंतरची कसोटी गळतीची. ३० मिलिन्यूटन प्रति मीटरला दाब स्थिर ठेवून वीस मिनिटे थांबावे आणि जागा किती सरकते ते पाहावे. पहिली दोन-तीन मिनिटे थोडी घट होणे स्वाभाविक आहे, पण ती पुढेही सारख्याच गतीने चालू राहिली तर थर कुठून तरी निसटतो आहे. ही पायरी मी स्वतः एका हंगामात गाळली होती. शुद्ध डीएमपीसीच्या रेषा मेमध्ये घेतल्या होत्या, मिश्रणाच्या जुलैमध्ये, आणि मधल्या काळात एका बॅरिअरच्या कडेला नखभर टवका गेला होता. मिश्रणांची जागा अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी येत गेली, आलेख प्रकाशित आलेखांपेक्षाही ठळक दिसला, आणि दोन आठवडे मी त्यावर विसंबून राहिलो. भिंग धरून टवका पाहिल्यावर सगळी मिश्रणे पुन्हा मोजावी लागली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: ज्या दिवशी मिश्रण, त्याच दिवशी सकाळी शुद्ध डीएमपीसीचा एक थर आणि शुद्ध कोलेस्टेरॉलचा एक थर, त्याच बॅरिअरनी.

प्रमाणे ०, १०, २०, ३०, ४०, ५०, ७० आणि १०० टक्के अशी घ्यावीत, आणि प्रत्येकाचे तीन थर. जागेच्या आलेखात बेरजेच्या रेषेखाली पडणारा खड्डा साधारण तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास खोल असतो, म्हणून तिथे बिंदू दाट असावेत.

हिशेब

तुलना ३० मिलिन्यूटन प्रति मीटरला करावी, कारण दुपदरी पटलातल्या लिपिडची दाटी एकपदरी थराच्या ३० ते ३५ या दाबांशी मिळतीजुळती मानली जाते. कमी दाबाला एक अडचणही आहे. डीएमपीसी आणि कोलेस्टेरॉल तिथे दोन वेगळ्या द्रव अवस्थांत विभागतात, आणि रंगद्रव्य घालून सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर गोल गोल ठिपके दिसतात. दाब साधारण दहापलीकडे गेला की ते एकमेकांत विरतात.

समजा, ३० च्या दाबाला शुद्ध डीएमपीसीची जागा ६० चौरस अँगस्ट्रॉम आली आणि कोलेस्टेरॉलची ३७. दोघांनी एकमेकांची दखलच घेतली नसती तर ७०:३० मिश्रणात सरासरी जागा ६० च्या सात-दशांश अधिक ३७ च्या तीन-दशांश, म्हणजे ५३.१ भरली असती. समजा, वाचन ४५ आले. फरक उणे ८.१, म्हणजे सुमारे पंधरा टक्के. आता मघाचा बुडालेला दीड मायक्रोलिटर आठवा: पाच टक्के रेणू कमी असतील तर त्यापायीच अडीच चौरस अँगस्ट्रॉमहून अधिक फरक दिसेल, म्हणजे मोजलेल्या परिणामाचा तिसरा हिस्सा खोटा. उलट, द्रावणातला क्लोरोफॉर्म थोडा उडून ते दाट झाले असेल तर रेणू मोजलेल्यापेक्षा जास्त असतात, जागा मोठी दिसते आणि खरा परिणाम झाकला जातो.

या पेचातून सोडवणारे एक माप आहे, आणि ते विद्यार्थी अनेकदा शेवटी, प्रबंध सजवण्यापुरते काढतात. ते पहिल्याच दिवशी काढावे असे मला वाटते. रेषेवरच्या एखाद्या बिंदूपाशी उतार घ्यावा, त्याला त्या बिंदूच्या जागेने गुणावे आणि चिन्ह बदलावे. हा थराचा दाबविरोध, ज्याला संपीडन मापांक म्हणतात. रेणूंची मोजणी सरसकट पाच टक्क्यांनी चुकली असेल तर जागा पाच टक्क्यांनी एका बाजूला जाते आणि उतार तितक्याच प्रमाणात उलट बाजूला, त्यामुळे गुणाकार तोच राहतो. म्हणजे तीव्रतेची चूक या मापाला शिवतच नाही. गळती असेल तर आवळताना रेणू कमी होत जातात, रेषा पसरट होते आणि मापांक घसरतो. खऱ्या संघननात मात्र शेपट्या सरळ होऊन थर ताठर होतो आणि मापांक चांगलाच वाढतो. जागा घटली आणि मापांक वाढला, तर कोलेस्टेरॉलचे काम. जागा घटली पण मापांक तसाच, तर सिरिंज आणि द्रावण तपासावे. जागा घटली आणि मापांकही घटला, तर बॅरिअरची कड भिंगाखाली धरावी.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. दोन पदार्थ अजिबात मिसळत नसतील, तरीही जागा बेरजेइतकीच येते, आणि दोन्ही आदर्श रीतीने मिसळले तरी तेवढीच येते. आलेख सरळ आला म्हणून मिश्रण झाले असे म्हणता येत नाही. त्यासाठी थर कोसळतो तो दाब पाहावा. तो कोलेस्टेरॉलच्या प्रमाणाबरोबर सरकत असेल तर दोघे मिसळलेले आहेत, आणि सर्व प्रमाणांना एकाच ठिकाणी अडत असेल तर वेगवेगळे राहिलेले आहेत.

तोंडी परीक्षेत हमखास विचारले जाते की याचा रक्ततपासणीच्या अहवालातल्या कोलेस्टेरॉलशी संबंध काय. अहवालातला आकडा रक्तातून वाहून नेल्या जाणाऱ्या कणांमधल्या कोलेस्टेरॉलचा असतो. आपण मोजतो ते पटलात बसलेल्या कोलेस्टेरॉलचे वागणे. तांबड्या रक्तपेशीच्या पटलात लिपिडच्या दर शंभर रेणूंमागे चाळीसहून अधिक रेणू कोलेस्टेरॉलचे असतात, तर पेशीच्या आतल्या जालिकेच्या पटलात ते जेमतेम पाचाच्या आसपास असतात. एकाच पेशीत आलेखाच्या दोन वेगळ्या टोकांवरची पटले नांदतात.

आवरताना

थर पंपाने शोषून घ्यावा आणि ट्रफ क्लोरोफॉर्मने, मग इथॅनॉलने, मग गरम अतिशुद्ध पाण्याने पुसून घ्यावा. क्लोरोफॉर्मचे अवशेष वेगळ्या, क्लोरीनयुक्त द्रावकांच्या बाटलीत जमा करावेत, बेसिनमध्ये नाही.

उरलेल्या द्रावणाच्या बाटल्या उणे २० अंशांवर ठेवण्याआधी झाकणासकट वजन करावे आणि तो आकडा तारखेसह बाटलीवर पेन्सिलने लिहावा, कारण पेनाची शाई क्लोरोफॉर्मच्या एका थेंबाने पुसली जाते. पुढच्या वेळी बाटली खोलीच्या तापमानाला आली, बाहेरचा ओलावा पुसला, की झाकण उघडण्याआधी पुन्हा वजन करावे. दहा मिलिलिटर क्लोरोफॉर्मचे वजन पंधरा ग्रॅमच्या जवळ असते, त्यामुळे तीनशे मिलिग्रॅमची घट म्हणजे दोन टक्के द्रावक उडाला आणि द्रावण तितकेच दाट झाले. एवढी घट दिसली तर ते द्रावण बाजूला ठेवून नवे करावे, आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला थर पुन्हा शुद्ध कोलेस्टेरॉलचा घ्यावा.